गाय बोलत नाही, डॉक्टरही बोलत नाहीत. मग नोंद कोण करणार?

मागच्या वेळी या सदरात, जनावरांचे डॉक्टर आणि पशुपालक यांचं बोलणं ऐकून आपोआप केस पेपर लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून प्रश्न आले. त्यातले पाच आज घेतो.

प्रश्न : माझा जळगावात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे. रात्री ओपीडी संपल्यावर केस पेपर पूर्ण करायला तासभर जातो. या सॉफ्टवेअरने तो वाचेल का?

बराचसा वाचेल, पण एक सवय बदलावी लागेल.

यात दोन कामं एकामागोमाग चालतात. आधी आवाजाचा मजकूर होतो. मग दुसरा टप्पा त्या मजकुरातून गप्पा गाळतो आणि उरलेलं आपल्या नेहमीच्या क्रमाने लावतो : मालकाची तक्रार, तपासणीत काय आढळलं, निदान, उपचार. मालकाची तक्रार उत्तम उतरते, कारण मालक भरपूर बोलतो. अडचण तपासणीची. आपण स्टेथोस्कोप लावतो, पोट चाचपतो, ओठ वर करून हिरड्या बघतो, आणि हे सगळं गप्प राहून करतो. माणसांच्या डॉक्टरकडे किमान रुग्ण तरी मध्ये बोलत असतो. आपल्याकडे टेबलावरचाही गप्प आणि टेबलाजवळचाही.

ही शांतता यंत्राला मानवत नाही. ‘व्हिस्पर’ हे आवाजाचा मजकूर करणारं प्रसिद्ध मॉडेल. अमेरिकेतल्या संशोधकांनी ते इंग्रजी ध्वनिमुद्रणांवर तपासलं आणि २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे १ टक्का नमुन्यांत कोणी उच्चारलीच नव्हती अशी वाक्यं सापडली, आणि बोलण्यात मोठे खंड होते तिथे हा प्रकार जास्त होता. म्हणजे तुम्ही हृदयाचे ठोके मोजत असता, तेव्हा यंत्र रिकामी जागा भरायला मोकळं असतं.

म्हणून तपासताना बोला. “हिरड्या फिकट. ताप एकशे तीन पॉइंट चार. पोट डावीकडे दाबलं की दुखतं.” पहिले चार दिवस क्रिकेटची कॉमेंट्री केल्यासारखं वाटेल. पण मालकालाही कळतं की डॉक्टर नुसता हात फिरवत नाहीत, काहीतरी बघताहेत. माझ्याकडे फीबद्दलची कुरकुर कमी झाली ती या बोलण्यामुळे, असा माझा संशय आहे. नुसत्या लसीकरणाच्या केसला मात्र याची गरज नाही. तिथे छापील नमुना पुरतो.

प्रश्न : मी शिरपूर भागात मोटारसायकलवर फिरून गाई-म्हशी बघतो. लोक अहिराणी बोलतात, गोठ्यात गोंगाट, नेटवर्कचा पत्ता नाही. हे माझ्या कामाचं आहे का?

जसं विकलं जातं तसं नाही.

एका गोठ्यात मी मोबाइल खिशात चालू ठेवून पाहिला. मालक म्हणाला, “मनी म्हैस दूध देई नही राह्यनी.” सॉफ्टवेअरने लिहिलं, रुग्णाचं नाव : मनी. आपल्याकडे मनी म्हणजे माझी, हे त्याला कोण सांगणार? मराठीत मनी हे मांजराचं नाव, एवढं त्याला ठाऊक असावं. पुढच्या सगळ्या कागदावर ती म्हैस ‘मनी’ म्हणूनच वावरली. हसून सोडून देता येतं, पण त्याच कागदात ‘नही’ गळलं आणि म्हैस दूध देते असं झालं, ते हसण्यासारखं नाही. तेव्हापासून नकार आला की मी तो कागदावर शोधूनच बघतो. लेवा बोलीत थोडं बरं चालतं. पावरी आणि भिलीच्या बाबतीत मी वापरलेल्या एकाही सॉफ्टवेअरने हाती काही दिलं नाही.

तेव्हा गोठ्यातलं संभाषण ऐकवायच्या भानगडीत पडू नका. तिथे कडबाकुट्टी चालू असते, वासरू हंबरत असतं, आणि तुमचा हात खांद्यापर्यंत हातमोज्यात असतो. काम झालं, हात धुतले, की गाडीपाशी उभं राहून तुमच्या शब्दांत अर्ध्या मिनिटात सांगा : “म्हैस, मेहसाणा, तिसरं वेत, विऊन बारा दिवस. परवापासून दूध कमी. उजवा मागचा सड सुजलेला, दुधात गुठळ्या. कासदाह.” कुठला सड हे मुद्दाम म्हणा. पशुपालक बोटाने दाखवतो आणि “हाऊ”, म्हणजे ‘हा’, म्हणतो. यंत्राला बोट दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्याऐवजी दुसरा डॉक्टर गेला तर त्याने ट्यूब कुठल्या सडात सोडायची?

नेटवर्कसाठी, आवाज फोनमध्ये साठवून नंतर पाठवण्याची सोय आहे का ते घेण्याआधी विचारा. विक्रेता “हो” म्हणाला तर फोन विमान मोडवर टाकून त्याच्यासमोर करून बघा. सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

प्रश्न : सॉफ्टवेअरने डोस चुकीचा लिहिला तर जबाबदार कोण? (धुळे)

तुम्ही. कागदावर सही आणि नोंदणी क्रमांक तुमचा असतो. तुम्ही न वाचता सही केली, एवढाच त्याचा अर्थ निघेल.

डोसाच्या बाबतीत आपली भाषाच एक सापळा आहे. आपण दोन पॉइंट पाच म्हणत नाही, अडीच म्हणतो. दीड, पावणेदोन, सव्वातीन, साडेतीन. त्यात एकोणतीस आणि एकोणचाळीस. मी हे सगळे शब्द ओळीने बोलून एका सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. दीड-अडीच पास झाले, पावणेतीनचे सरळ तीन झाले. मांजराच्या पिलाच्या डोसात पाव सीसी ही थोडकी गोष्ट नाही. तेव्हापासून आकडा सांगताना मी शाळेतल्यासारखा सुटा सुटा बोलतो : “दोन पॉइंट सात पाच सीसी.” औषधाचं नाव, मात्रा, टोचण्याचा मार्ग, जनावराचं वजन या चार गोष्टी सही करण्याआधी बोट ठेवून वाचायच्या. बाकीच्या मजकुरावर नजर फिरवली तरी चालेल.

आणखी एक. काही सॉफ्टवेअर नोंदीबरोबर उपचारही सुचवतात. ती सोय मी बंद ठेवतो. यातली बरीच परदेशी माहितीवर वाढलेली आहेत. युरोपात गाईला केटोप्रोफेन हे वेदनाशामक देतात. आपल्याकडे जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक यांवर २०२३ मध्ये बंदी आली, कारण अशी औषधं दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. डायक्लोफेनॅक याच कारणाने २००६ मध्येच बंद झालं होतं. हे सगळं परदेशी सॉफ्टवेअरला माहीत असेल, या भरवशावर राहू नका.

प्रश्न : आमचे डॉक्टर आता टेबलावर मोबाइल ठेवून बोलतात. आम्ही जे बोलतो ते सगळं साठवतात का? (पशुपालक, चोपडा)

हे डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, दादा. खरं तर तुम्ही विचारायच्या आधी त्यांनीच सांगायला हवं होतं. जनावराचा ताप ही तुमची खासगी बाब नाही, पण तुमचा आवाज, नाव, मोबाइल नंबर ही तुमची वैयक्तिक माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याचा पायाच असा आहे की माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगायचं आणि संमती घ्यायची. दिलेली संमती पुढे मागेही घेता येते.

डॉक्टर मंडळींना सांगतो : दवाखान्यात आजाराइतकंच बाकीचंही बोललं जातं. उधारी, भावकी, “बैल बाजारात न्यायचा आहे, लंगडतो हे कोणाला बोलू नका.” हे परक्या सर्व्हरवर जायचं कारण नाही. कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा : आवाज कुठे साठवता, किती दिवसांनी पुसता, तुमचं यंत्र शिकवायला वापरता का. उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका. भिंतीवर पाटी लावा आणि तोंडानेही सांगा. पाटी सगळ्यांना वाचता येतेच असं नाही. कोणी नको म्हणालं तर मुकाट बटण बंद करून वहीत लिहा.

प्रश्न : यातली नोंद ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत आपोआप जाते का? कानातल्या टॅगचा नंबर बोलून टाकला तर चालेल का?

मी पाहिलेल्यांपैकी एकातूनही जात नाही. तिकडची नोंद वेगळी करावी लागते.

टॅगचा नंबर मात्र बोलून टाकू नका. बारा आकडे. कोणी सुटे वाचतो, कोणी जोडीने “बेचाळीस, सत्तावीस” करत जातो, आणि एक आकडा चुकला की तुमच्या गाईचा उपचार भलत्याच जनावराच्या नावावर चढतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला त्या वर्षीच्या साथीतली राज्यातली पहिली लम्पी (जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा आजार) सापडली, त्यानंतरचे दिवस आठवा. मेलेल्या दुभत्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत होती. कोणाचं जनावर, कधी आजारी पडलं, काय उपचार झाला, हे कागदावर नसलं की माणूस हेलपाटे घालत राहायचा.

टॅग डोळ्यांनी बघून बोटांनी टाका आणि पशुपालकाला एकदा वाचून दाखवा. त्याआधी टॅगवरचं शेण पुसा. तीन आणि आठ तिथेच चुकतात.