सालदाराचं साल ठरतं, लेकरू सांभाळणारीचं काहून नाही?

प्रश्न: मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. मुलगी नऊ महिन्यांची. बाळंतपणाची रजा संपली तशी गावातल्या एक काकू (वय 38) मुलीला सांभाळायला येऊ लागल्या. सकाळी दहा ते साडेपाच, रविवार सोडून. महिन्याला 6,000 रुपये देते. माझी नणंद अमेरिकेत असते. ती फोनवर म्हणाली, ‘पगार देतेस तर त्यावरचा टॅक्स भरतेस का? इकडे त्यावरून लोक अडकतात.’ तेव्हापासून धाकधूक आहे. मिस्टरांचं कृषी केंद्र आहे. ते म्हणतात, दुकानाच्या वहीत हमालाच्या नावानं दाखवू, तेवढाच खर्च निघेल. काकूंना पगार खात्यावर नको, नगदीच पाहिजे. लाडकी बहीण बंद होईल म्हणतात. वरून दसऱ्यानंतर कापूस वेचणीला जाईन असंही सांगून ठेवलंय. सासूबाई म्हणतात, एवढी भानगड कशाला, भाचीची तेरा वर्षांची पोरगी आणू, दोन वेळचं जेवण अन् कपडे दिले की झालं. मी काय करू?

उत्तर: लेकीच्या वयाची आहेस, म्हणून तूच म्हणते. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये मी 26 वर्षं वह्या लिहिल्या. तेव्हा हिशेबाचं मला विचारलंस ते बरं केलंस, पण तुझ्या पत्रातला खरा हिशेब टॅक्सचा नाहीच.

नणंद बोलते ते तिच्या देशापुरतं बरोबर आहे. तिथं घरात लेकरू सांभाळायला ठेवलेली बाई ही त्या घरची नोकर धरतात. 2025 साली एका बाईला वर्षाकाठी 2,800 डॉलर किंवा त्याहून जास्त पगार दिला, की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून 7.65 टक्के तिच्या पगारातले अन् तेवढेच मालकाच्या खिशातले भरावे लागतात. नावाला टॅक्स, पण तो पैसा असतो म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनचा अन् दवाखान्याचा. आपल्याकडं त्याच्या जवळचं म्हणजे पीएफ (म्हातारपणाचा फंड) आणि ईएसआय (कामगाराचा दवाखान्याचा विमा). पीएफ लागू व्हायला मालकाकडं निदान वीस माणसं कामाला असावी लागतात, ईएसआयला दहा. तुझं घर दोन्हींत बसत नाही.

आता इन्कम टॅक्स. सहा हजारांचे वर्षाचे 72,000 होतात. 2025-26 पासून नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत करच सुरू होत नाही. काकूंना काही भरायचं नाही, तुला काही कापायचं नाही. तुझ्या पगारपत्रकात प्रोफेशनल टॅक्सचे 200 कापतात ना, फेब्रुवारीत 300? महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या बाईला महाराष्ट्रात तोही नाही. मात्र काकूंना दिलेले पैसे तुझ्या स्वतःच्या पगारातून वजा दाखवता येत नाहीत. तो घरखर्च, किराण्यासारखा.

म्हणूनच मिस्टरांना सांग, दुकानाची वही दुकानापुरती ठेवा. आमच्या मालकांच्या घरचं दूध कित्येक वर्षं ‘गाडीभाडं’ म्हणून लिहिलं जायचं, लिहिणारी मीच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही गाडी रोज सकाळी सहालाच कशी येते? मालक माझ्याकडं पाहत बसले. घरचा खर्च धंद्याचा खर्च धरत नाहीत, अन् खोट्या नावानं लिहिला तर ते दुसरं पाप. बरं, त्यातून वाचणार किती? नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलं तर सूट मिळून कर शून्यच होतो. कृषी केंद्राचा नफा त्याच्या आत असेल, तर तुझे मिस्टर शून्यातून 72,000 वजा करायला निघालेत.

काकूंच्या नगदीचं जरा हळू घे. लाडक्या बहिणीला कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. त्यांचे 72,000 अन् नवऱ्याची मजुरी मिळून किती होतात, ते त्यांच्यासमोर कागदावर मांडून दाखव. पगार खात्यावर आला एवढ्यानं ते पैसे बंद होत नाहीत. पण एवढं सांगूनही त्या नगदीच म्हणाल्या तर खोदून विचारू नको. कधी कधी कारण लाडकी बहीण नसतेच. पासबुक नवऱ्याच्या खिशात असतं, नाहीतर खात्यात पैसा पडला की कर्जाचा हप्ता आधी उडतो. नगदी दे, वहीत तारीख टाकून सही घे, अन् तशीच एक वही त्यांनाही दे.

आता मूळ गोष्ट. तुझ्या माहेरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, होता का? आमच्याकडं तिघं असायचे. गुढीपाडव्याला ओसरीवर चार माणसं बसत अन् साल ठरे. नगदी किती, गहू-ज्वारी किती पायल्या, धोतरजोडा, चप्पल, उचल किती, ती कशी फिटणार, पोळ्याला काय, आजारी पडला तर काय. कागद नाही, पण साक्षीदार चार. घासाघीस खूप व्हायची अन् त्यात अन्यायही पुष्कळ असायचा, ते मी पाहिलंय. पण गोष्ट अधांतरी राहत नसे. अन् त्याच घरात लेकरू सांभाळायला येणाऱ्या बाईचं काहीच ठरलेलं नसायचं. ‘घरच्यासारखी आहे’ म्हटलं की झालं.

मीही तेच केलं. 1986 साली माझा मोठा मुलगा वर्षाचा होता. वस्तीतल्या एक मावशी यायच्या. महिन्याला 60 रुपये, वर्षाला दोन लुगडी, संध्याकाळचं ताट. मला वाटायचं, मी फार चांगली मालकीण. कार्तिकात एक दिवस आल्याच नाहीत. पाहते तर वेचणीला गेलेल्या. मी तणतणत त्यांच्या दारात गेले. त्या कमरेची ओटी सोडत म्हणाल्या, ‘बाई, तुमच्या पैशात तेलमीठ होते. लेकीच्या लग्नाचं वेचणीत जमते. तुम्ही कधी विचारलं का?’ नव्हतं विचारलं.

तू मात्र विचार. तुझे 6,000 महिन्याच्या 26 दिवसांवर मांडले तर दिवसाचे 230 पडतात. आमच्या भागात यंदा वेचणीचा भाव किलोला दहा रुपये आहे. हाताची चपळ बाई पहिल्या वेचणीत चाळीस किलो सहज वेचते, म्हणजे 400 रुपये. काकू जातील, जाणारच, अन् त्यात बेइमानी काही नाही. ते दोन-अडीच महिने दिवसाला 400 देऊन त्यांना थांबवता येत असेल तर थांबव. झेपत नसेल तर जाऊ दे, पण कोणत्या आठवड्यात जाणार, त्या दिवसांत मुलगी कोणाकडं राहणार, हे पोळ्याच्या आत बोलून घे. दिवाळीची तुझी सुट्टी त्यातच येते, तेवढे दिवस तसेही निघतील.

सुट्टीवरून आठवलं. उन्हाळ्यात शाळा बंद, तुझा पगार चालू. काकूंचा? बहुतेक शिक्षिका हे ठरवत नाहीत. मेमध्ये ‘या महिन्यात तसं काही काम नाही’ म्हणून हात आखडतात अन् जूनमध्ये बाई दुसरीकडं लागली की नाव ठेवतात. निदान अर्धा पगार दे, अन् तो किती ते आजच सांग.

एका संध्याकाळी चहा ठेवून दोघी बसा, अन् होईल ते त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. काम फक्त मुलीचं, की धुणंभांडंही? (ते हळूच वाढत जातं, तुझ्याही घरात वाढलं असेल.) तुला केंद्रावर बैठक असली अन् सात वाजले, तर वरच्या तासांचं काय? 14 एप्रिलची सुट्टी अन् दसऱ्याला त्या दीक्षाभूमीला जात असतील तर नागपूरचे दोन दिवस, ते पगारी की बिनपगारी? उचल दिली तर महिन्याला 500 च्या वर कापू नको, नाहीतर बाई फुकट राबल्यासारखी होते. पगार केव्हा वाढणार, तेही. मी पाडवाच धरायला सांगेन, सगळ्यांच्या लक्षात राहतो.

पीएफ नाही म्हटलं, तर म्हातारपणाचं काय? काकू 38 च्या आहेत म्हणून घाई कर. पंतप्रधान श्रमयोगी मानधन योजनेत चाळिशीपर्यंतच नाव घालता येतं. 38 व्या वर्षी महिन्याला 180 रुपये भरायचे, तेवढेच सरकार टाकतं, अन् साठीनंतर महिन्याला 3,000 पेन्शन. आधार अन् पासबुक घेऊन गावच्या सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामं करून देतात तिथं) काम होतं. ते 180 पगाराव्यतिरिक्त तूच भर. नणंद तिकडं जे भरत असेल त्याच्या मानानं काहीच नाही. सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला फक्त 20 रुपये खात्यातून जातात, अपघाताला दोन लाखांचं संरक्षण आहे. पगार नगदी असला तरी खातं जिवंत ठेवायचं ते यासाठी. महाराष्ट्रात 2008 च्या कायद्यानं घरेलू कामगारांचं कल्याण मंडळ आहे, 18 ते 60 वयाच्या बाईची नोंदणी होते. यवतमाळच्या कामगार कार्यालयात जायचं झालं तर काम करत असल्याचा दाखला तुझ्या सहीनं दे. मालकिणी घाबरतात द्यायला, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

राहिलं सासूबाईंचं. त्यांच्या काळात पोरी अशाच यायच्या, त्यांना दोष देत नाही. पण चौदाच्या आतल्या मुलीला घरकामाला ठेवणं 10 ऑक्टोबर 2006 पासून बंद आहे, अन् 2016 च्या दुरुस्तीनंतर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20,000 ते 50,000 दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय दर जूनला पटनोंदणीसाठी घरोघरी फिरून अशाच पोरींची नावं लिहून आणणारी तूच आहेस ना?