गाठीत रक्तवाहिन्या ‘फुटतात’ का?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय. महिला मंडळासाठी त्या माहितीपत्रक लिहितायत. त्यातलं एक वाक्य असं: ‘अंडाशयाच्या कर्करोगात मूळपेशींमुळे गाठीत रक्तवाहिन्या फुटतात.’ हे चालेल का?

ताई, आधी ‘फुटतात’ काढा. पालवी फुटते, कोंब फुटतो. पण रक्तवाहिनी फुटली म्हटलं की रक्तस्रावच डोळ्यापुढं येतो. वाचणारी बाई घाबरेल, तीही भलत्याच गोष्टीला. खरं तर एक-दोन मिलिमीटरच्या पुढं वाढायला गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, म्हणून शेजारच्या रक्तवाहिन्यांतून ती नवे फाटे काढून घेते. अमेरिकी शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं ते हेच. ‘रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात’ लिहा, अर्थ नीट लागेल. याला ‘रक्तवाहिनीजनन’ म्हणतात, पण तो शब्द पाठ्यपुस्तकात राहू दे.

इंग्रजी ‘स्टेम सेल’साठी (स्टेम म्हणजे खोड) ‘मूळपेशी’ हा शब्द रूढ आहे, पण कर्करोगाच्या बाबतीत मला तो पटत नाही. ‘मूळ’ म्हटलं की रोग जिथं सुरू झाला ती पेशी, असंच वाटतं. इथं म्हणायचंय ते गाठीतल्या अशा थोड्या पेशींबद्दल, ज्या आपल्यासारख्या पेशी तयार करत राहतात आणि गाठ पुन्हा उभी करू शकतात. केमोतूनही त्या तगतात आणि रोग उलटतो, असं मानलं जातं. रोगाचा उगम ही वेगळी गोष्ट. अंडाशयाच्या कर्करोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात तो बऱ्याचदा अंडवाहिनीत सापडतो. स्टेम सेलला शेजारच्या कन्नडात ‘कांडकोश’ म्हणतात. कांड म्हणजे खोड, त्यामुळं हा घोटाळा होत नाही. मराठीतला ‘स्कंधपेशी’ही खोडाचाच, पण आज स्कंध म्हटलं की खांदा आठवतो. सरळ ‘स्टेम सेल’ लिहा.

आता ‘मुळे’. त्यात दोन वेगळी कामं एकत्र झालीत. या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि त्या इशाऱ्यावर शेजारच्या रक्तवाहिन्या वाढतात. बेव्हॅसिझुमॅब हे औषध त्यालाच अडवतं. दुसरं काम त्याहून विलक्षण: प्रयोगांत त्यातल्या काही पेशी स्वतःच रक्तवाहिनीच्या अस्तरासारख्या झालेल्या दिसल्यात. ही वाट त्या औषधानं बंद होईलच असं नाही. म्हणून ‘वाढवतात’ आणि ‘स्वतः बनतात’ अशी दोन वाक्यं करा, आणि दुसऱ्यात ‘प्रयोगांत दिसलंय’ हे शब्द ठेवाच.

आणखी एक. अंडाशयाला ‘पिशवी’ म्हणू नका. आपल्या भागात पिशवी म्हणजे गर्भाशय. पिशवी काढलेल्या कितीतरी बायकांची अंडाशयं जागेवरच असतात. हे पत्रक आपल्यासाठी नाही असं त्यांना वाटायला नको.