आजीच्या डब्यातल्या गोळ्या

ताई, मुलगा अकरावीत आहे. सासूबाईंना झोप लागावी म्हणून डॉक्टरांनी अल्प्राझोलम दिली आहे. महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपू लागल्या. वाटलं, त्या विसरून दोनदा घेत असतील. परवा मुलाच्या कंपासपेटीत कात्रीने कापलेले गोळ्यांच्या पट्टीचे चार तुकडे सापडले. म्हणाला, “क्लासमधले बरेच जण घेतात, टेन्शन जातं. गर्द थोडीच आहे, औषधच आहे!” ह्यांना सांगितलेलं नाही, ते हात उगारतील. देवापुढे शपथ घालून आजच बंद करायला लावू का?
– एक आई, छत्रपती संभाजीनगर

शपथ नको. तुमची घाई समजते, पण ही गोळी रोज घेणाऱ्याने एकदम थांबवली तर झोप उडते, हात थरथरतात, कधी फिटही येते. ती कशी उतरवायची हे डॉक्टर ठरवतात. म्हणून आधी एवढंच काढून घ्या : कधीपासून, रोज की अधूनमधून, एका वेळी किती, आणि सोबत बिअर किंवा खोकल्याचं औषध असतं का. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप किंवा दारू जोडीला आली की श्वास मंदावतो, जिवावर बेततं ते तिथे. कधी हलवूनही जागा झाला नाही, तर “झोपू दे” म्हणू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

हे सगळं जेवणाच्या ताटावर विचारू नका. स्कूटरवर मागे बसवून न्या. तोंड दिसत नसलं की मुलं बोलतात, हा माझा अनुभव.

मग घाटीतला, म्हणजे तुमच्या सरकारी रुग्णालयातला, मानसोपचार विभाग गाठा, किंवा ओळखीचे मानसोपचारतज्ज्ञ. ते चार तुकडे सोबत न्या. जायचा धीर होत नसेल तर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, मराठीत बोलता येतं.

आता ‘औषधच आहे’बद्दल. तुमच्याच शहरात ‘बटण’ आणि मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून चोरून विकतात त्या गोळ्या याच जातकुळीतल्या. पट्टीवरची लाल चौकट त्याला दाखवा. २०१४ पासून ही गोळी देताना दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते. साध्या तापाच्या गोळीला कोणी एवढा खटाटोप करत नाही.

ह्यांना सांगा, पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. एक थप्पड बसली की पोरगं पुढचं काहीच सांगणार नाही.

मला मात्र तुमच्या सासूबाईंची जास्त काळजी वाटली. घरात सगळे म्हणतात, आजी विसरायला लागली. तीही म्हणत असेल, “माझंच डोकं चालत नाही.” नातू ते ऐकून गप्प बसला. गोळ्यांबद्दल माफी मागायची असेल तर ती आजीकडे, आणि त्याने स्वतःच. डबा कपाटात कुलपात ठेवा, रात्रीची एक गोळी हातावर द्या. कारण मात्र खरं सांगा, नाहीतर कुलूपही तिच्या विसरण्याच्याच खात्यावर जमा होईल.

तिच्या डॉक्टरांनाही कळवा. डबा रिकामा झाला की मधले आठ-दहा दिवस तिचीही गोळी एकदम तुटत असणार. आणि विसरभोळेपणावर म्हणून त्यांनी एखादी नवी गोळी लिहून दिली असेल, तर तिचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.