वाचकांचे प्रश्न : दोष नेटवर्कचा की हार्डवेअरचा?

या अंकासाठी निवडलेले सहाही प्रश्न लिनक्स किंवा त्याच्या जातकुळीतल्या प्रणालींविषयीचे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी दोष एकीकडे दिसतो तर मूळ दुसरीकडेच निघते. कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि, वेगळे सांगितले नसेल तर, लहान अक्षरांत लिहावीत.

प्रश्न : माझ्या संगणकावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे. त्यात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले आणि त्याच दिवसापासून वायरचे नेट बंद पडले. नेटवर्कचे सर्किट मदरबोर्डवरच असल्याने ते जळाले असावे, असे एका परिचितांनी सांगितले. शेवटी प्रणाली पुन्हा इन्स्टॉल केली, तर नेट सुरू झाले. पुढे ग्राफिक्स कार्ड काढून ठेवले, तर पुन्हा बंद. हे कसे?

उत्तर : आपले नेटवर्क कार्ड ठणठणीत आहे; जळालेले कार्ड इन्स्टॉल केल्याने जिवंत होत नसते. बदलले आहे ते त्याचे नाव. पूर्वी लिनक्स इथरनेट कार्डांना सापडतील त्या क्रमाने ‘इथ०’, ‘इथ१’ अशी नावे देत असे आणि दोन कार्डे असलेल्या यंत्रात ही नावे कधीकधी आपसांत बदलत. त्यावर उपाय म्हणून २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (लिनक्समधील सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) १९७ व्या आवृत्तीपासून, कार्ड कोठे जोडलेले आहे त्यावरून नाव ठरवण्याची पद्धत आली. ‘ईएनपी३एस०’ या नावात ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, ‘पी३’ म्हणजे पीसीआयची (कार्डे मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गाची) तीन क्रमांकाची बस आणि ‘एस०’ म्हणजे त्या बसवरचा शून्य क्रमांकाचा स्लॉट. नवे ग्राफिक्स कार्ड बसवले की यंत्र सुरू होताना बसची मोजणी नव्याने होते, मध्ये एखादी बस वाढते आणि कालचे ‘ईएनपी३एस०’ आज ‘ईएनपी४एस०’ होते. सेटिंगच्या फाइलमध्ये मात्र जुनेच नाव लिहिलेले असते. प्रणाली त्या नावाचे कार्ड शोधत राहते आणि समोर असलेले कार्ड कोणी न विचारल्यासारखे पडून राहते. पुन्हा इन्स्टॉल करताना फाइलमध्ये नवे नाव लिहिले गेले म्हणून नेट आले, आणि ग्राफिक्स कार्ड काढताच मोजणी पूर्ववत झाल्याने ते गेले.

हे ओळखायला दोन मिनिटे पुरतात. ‘आयपी -बीआर लिंक’ ही कमांड दिल्यावर सर्व कार्डांची आजची नावे दिसतात. ती ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलमधील नावाशी ताडून पाहावीत. ‘डीमेसेज’ या कमांडने दिसणाऱ्या प्रणालीच्या नोंदींत तर ‘ईएनपी४एस० : रिनेम्ड फ्रॉम इथ०’ अशा अर्थाची ओळ सरळ लिहिलेली सापडते. कायमचा बंदोबस्त करायचा असेल तर ‘/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क’ या फोल्डरमध्ये ‘.लिंक’ने संपणारी एक छोटी फाइल करून, कार्डाच्या मॅक पत्त्यावरून (त्याच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावरून) त्याला आपल्या पसंतीचे नाव द्यावे. हे नाव ‘इथ०’च्या धर्तीवरचे नसावे, कारण कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः तीच नावे वाटत असतो आणि दोघांची टक्कर होते. डेबियनमध्ये यानंतर इनिटरॅमएफएसही (यंत्र सुरू होताना लागणारी छोटी फाइलप्रणाली) नव्याने तयार करून घ्यावी आणि सेटिंगच्या फाइलमध्ये हेच नवे नाव लिहावे.

काही अडले की प्रणाली पुन्हा इन्स्टॉल करायची, ही सवय मला मनापासून खटकते. त्यात वेळ जातो हे तर खरेच, पण यंत्राने स्वतःच्या दुखण्याविषयी लिहून ठेवलेल्या नोंदीही पुसल्या जातात. आपल्या बाबतीत उत्तर पहिल्याच दिवशी लॉगमध्ये लिहिलेले होते.

प्रश्न : जोडणी, राउटर आणि संगणकातील कार्ड असे सगळेच गिगाबिटचे आहे, तरीही डाउनलोडचा वेग ९४ मेगाबिटच्या पुढे सरकत नाही. ड्रायव्हर बदलून पाहिला, कर्नलही नवा घेतला. आता कार्ड बदलावे का?

उत्तर : कार्डाला हात लावू नये, आधी केबल बदलावी. ९४ हा आकडाच बोलका आहे. १०० मेगाबिटच्या इथरनेटवरून प्रत्येक पॅकेटच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता टीसीपीच्या (माहिती क्रमवार पोहोचवणाऱ्या नियमावलीच्या) हाती साधारण तेवढेच उरते, म्हणजे आपली जोडणी १०० वर उतरली आहे. ‘इथटूल’ आणि त्यापुढे कार्डाचे नाव अशी कमांड दिल्यावर ‘स्पीड’च्या ओळीत हेच दिसेल. नवे कर्नल काही कार्डांच्या बाबतीत एक पायरी पुढे जातात आणि ‘डाउनशिफ्ट ऑकर्ड’ असे म्हणून, ठरलेला वेग १ गिगाबिट, प्रत्यक्षातला १०० मेगाबिट, केबल तपासा, असा स्पष्ट निरोप लॉगमध्ये ठेवतात.

याचे कारण केबलच्या पोटात आहे. इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या दोनच लागतात, १, २ आणि ३, ६ या पिनांवरच्या. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. म्हणून ४, ५ पिनांवरची निळी किंवा ७, ८ पिनांवरची तपकिरी जोडी कोठे तुटली असेल, तर दोन्ही टोकांची यंत्रे आधी गिगाबिटचा करार करतात, तो पाळता येत नाही असे पाहतात आणि मुकाट्याने १०० वर येतात. दिवा लागतो, नेट चालते आणि कोणाला संशय येत नाही. केबलचे टोक उजेडासमोर धरून पारदर्शक प्लगमध्ये पाहावे. आठही तारांची तांब्याची टोके अगदी पुढच्या भिंतीपर्यंत पोहोचलेली दिसली पाहिजेत. एखादी केसभर मागे राहिलेली असेल तर तिच्यावरचे सोनेरी पाते तिला नीट चावलेले नसते, आणि केबल हलली की संपर्क सुटतो.

काही जण अशा वेळी ‘इथटूल’नेच वेग सक्तीने ठरवून टाकतात. ते करू नये. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटला दोन्ही टोकांमधली स्वयंचलित बोलणी आवश्यकच असतात. १०० मेगाबिटवर एकाच बाजूने फुल ड्युप्लेक्सची (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) सक्ती केली, तर दुसऱ्या बाजूला उत्तर न मिळाल्याने ती हाफ ड्युप्लेक्स (आळीपाळीने पाठवणे आणि घेणे) धरते. मग टकरी आणि सीआरसीच्या (पॅकेट बिघडले का हे पाहणाऱ्या तपासणीच्या) चुका वाढत जाऊन वेग आणखी ढासळतो. चुकांची मोजणी ‘आयपी -एस लिंक’मध्ये पाहता येते.

केबलीचा दोष शोधण्याविषयी एक जुनी हकिकत मला फार आवडते. ‘पिंग’ हा प्रोग्राम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत असताना लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून त्याचे नाव ठेवले. त्यांनीच नोंदवून ठेवल्याप्रमाणे, एका व्यवस्थापकाने प्रत्येक उत्तरासरशी ‘पिंग’ असा उच्चार स्पीकरवरून मोठ्याने होईल अशी सोय केली, आणि मग इमारतभर हिंडत एकेक कनेक्टर हलवत गेला. ज्या कनेक्टरपाशी आवाज थांबला, तोच दोषी. ‘पिंग -ए’ दिल्यास आजही प्रत्येक उत्तराला बीप वाजते, आणि एकट्याने केबल तपासताना ही सोय खरोखर उपयोगी पडते.

प्रश्न : मी फ्रीबीएसडी ही लिनक्सच्या जातकुळीतली प्रणाली वापरतो. आपण सुचवता त्या कमांड माझ्याकडे सापडतच नाहीत.

उत्तर : तेथे ‘आयपी’ आणि ‘इथटूल’ या दोहोंचे काम बहुतांशी ‘आयएफकॉन्फिग’ करते, जोडणीचा वेग तिच्या ‘मीडिया’ या ओळीत दिसतो. चुकांची मोजणी ‘नेटस्टॅट -आय’मध्ये, पीसीआय कार्डांची यादी ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’मध्ये आणि यंत्र सुरू होतानाच्या नोंदी ‘/व्हार/रन/डीमेसेज.बूट’ या फाइलमध्ये मिळतात. कार्डांची नावे तेथे ड्रायव्हरवरून, म्हणजे ‘ईएम०’, ‘आरई०’ अशी पडतात. त्यामुळे बसचा क्रमांक सरकल्याने नाव बदलण्याचा, पहिल्या प्रश्नातला प्रकार आपल्या वाट्याला येणार नाही.

प्रश्न : दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन होते, छोट्या कमांडही चालतात, पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली की पहिल्याच क्षणी पडदा गोठतो. त्याच सर्व्हरला पिंग केले तर एकही पॅकेट गळत नाही. माझी जोडणी पीपीपीओईची (इथरनेटवरून नाव-पासवर्ड देऊन नेटला जोडण्याच्या पद्धतीची) आहे.

उत्तर : लहान पॅकेट जाते आणि मोठे अडकते, हे लक्षण एमटीयूचे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचे, आहे. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून आपल्या जोडणीवर १४९२ च उरतात. आपल्या संगणकाला हे ठाऊक नसल्याने तो सर्व्हरला १५०० चा हिशेब सांगतो. सर्व्हर भरगच्च पॅकेट धाडतो, त्यावर ‘तुकडे करू नयेत’ अशी खूण असते, आणि वाटेतल्या राउटरला ते पुढे ढकलता येत नाही. नियमाप्रमाणे तो राउटर आयसीएमपीचा (अडचणी कळवण्याच्या, पिंगही वापरते त्या पद्धतीचा) निरोप उलट पाठवून लहान पॅकेट मागतो. ही पद्धत १९९० पासून आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात नमूद आहे. मात्र अनेक ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर पिंग सोडून आयसीएमपीचे बाकी निरोप सरसकट बंद केलेले असतात. निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही आणि तो तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. साध्या पिंगचे पॅकेट इतके लहान असते की ते या अडथळ्याला शिवतही नाही, म्हणून पिंगने आपली दिशाभूल केली.

पडताळा असा घ्यावा : ‘पिंग -एम डू -एस १४७२’ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता (येथे एम मोठ्या लिपीतला आहे, फ्रीबीएसडीवर ‘-एम डू’ऐवजी मोठ्या लिपीतला ‘-डी’). १४७२ मध्ये आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की १५०० होतात. हे पॅकेट अडले आणि १४६४ चे पार झाले, तर निदान पक्के. मग ‘आयपी लिंक सेट’ने आपल्या कार्डाचा एमटीयू १४९२ करून एसएसएच नव्याने जोडावे. यादी सुरळीत येईल, कारण आता जोडणीच्या सुरुवातीलाच आपला संगणक टीसीपीच्या तुकड्याची मर्यादा १४५२ सांगतो. घरात अनेक यंत्रे असतील तर प्रत्येकाचा एमटीयू बदलत बसण्यापेक्षा राउटरवरच ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ (टीसीपीच्या तुकड्याची मर्यादा राउटरनेच कमी करून सांगणे) सुरू करावे. आणि आपल्या अखत्यारीत एखादी फायरवॉल असेल, तर कृपा करून आयसीएमपी सरसकट बंद करू नका. त्या एका नियमाने किती जणांच्या रात्री वाया जातात, हे नियम लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही.

प्रश्न : माझा जुना संगणक आठ-दहा दिवस बंद राहिला की सुरू केल्यावर एकही संकेतस्थळ उघडत नाही, ब्राउझर प्रमाणपत्र वैध नसल्याचे सांगतो. पत्त्याला पिंग व्यवस्थित जाते.

उत्तर : प्रथम ‘डेट’ ही कमांड द्यावी. तारीख मागची दिसली, तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपला आहे. हा सेल सहसा सीआर२०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो आणि वीज नसताना घड्याळ चालवणे हेच त्याचे मुख्य काम. प्रत्येक प्रमाणपत्राला ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत’ अशी मुदत असते. तारीख मागे पडली की हल्लीच दिलेली प्रमाणपत्रे यंत्राच्या दृष्टीने अजून सुरूच झालेली नसतात.

घड्याळ नेटवरून आपोआप जुळायला हवे होते, असे आपल्याला वाटेल. पण नावांच्या शोधासाठी डीएनएसएसईसीची (मिळालेले उत्तर खरे आहे का हे सह्यांवरून पाहणारी) पडताळणी चालू असेल, तर चुकीच्या तारखेमुळे तिच्या सह्याही अवैध ठरतात, वेळ देणाऱ्या सर्व्हरचे नावच सापडत नाही, आणि वेळ कळण्यासाठी नाव व नाव कळण्यासाठी वेळ, असा पेच पडतो. एकदा ‘डेट’नेच हाताने तारीख लावली की तो सुटतो. सेल बदलण्यापूर्वी बायॉसमधील सेटिंग, विशेषतः बूटची पद्धत आणि साटाची (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गाची) पद्धत, कागदावर उतरवून घ्यावी, कारण ती मूळपदावर जाण्याची शक्यता असते. सेल बदलल्यावर ‘एचडब्ल्यूक्लॉक’ने खरी वेळ मदरबोर्डच्या घड्याळात लिहावी.

प्रश्न : नेटवरून मोठी फाइल उतरवताना संगणक मध्येच काही सेकंद थिजतो. ‘डीमेसेज’मध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ अशी ओळ येते. लिंक म्हणजे नेटवर्कचीच ना?

उत्तर : नाही, ही लिंक डिस्कची आहे. ओळीच्या सुरुवातीला ‘एटीए’ आणि त्यापुढे एखादा क्रमांक असेल, म्हणजे साटाच्या पोर्टविषयी कर्नल बोलत आहे. फाइल उतरताना डिस्कवर सतत लिहिले जाते, म्हणून दोष नेमका तेव्हाच वर येतो आणि आळ नेटवर जातो. आता त्याच ओळींच्या आसपास कंसात काय लिहिले आहे ते वाचावे. ‘आयसीआरसी’ असेल, तर डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या प्रवासात माहिती बिघडते आहे, म्हणजे बहुधा केबल किंवा तिचा कनेक्टर. ‘यूएनसी’ असेल, तर खुद्द डिस्कच्या पृष्ठभागावरून वाचता येत नाही.

डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ला मोठ्या लिपीतला ‘-ए’ हा पर्याय देऊन येणाऱ्या तक्त्यातही हाच भेद दिसतो. १९९ क्रमांकाची नोंद केबलीची. ५ आणि १९७ क्रमांकांच्या नोंदी डिस्कच्या स्वतःच्या. या शेवटच्या दोन्हींपैकी एखादी शून्यावरून वर चढत असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. १९९ चा आकडा मात्र केबल बदलल्यावरही शून्य होत नाही, त्यामुळे तो पाहून घाबरू नये. बदलण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवावा, आठवडाभर नेहमीसारखे काम करावे आणि मग पुन्हा पाहावे. तो तेथेच थांबलेला असेल, तर डिस्क बदलण्याचे कारण उरत नाही.