धीर, सहनशीलता, सोशिकपणा: ख्रिस्ती मराठीत कोणता शब्द कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ भायखळ्याच्या एका मराठी चर्चमध्ये सहकाऱ्याच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेले होते. वडील बराच काळ कर्करोगाने अंथरुणाला खिळून होते. पाळकांनी प्रार्थनेत ‘कुटुंबीयांना धीर दे’ म्हटलं, शास्त्रवाचनात ‘संकटाने धीर’ असं काहीतरी आलं आणि पुढे संदेशात ‘सहनशीलता’ हे आत्म्याचं फळ, म्हणजे पवित्र आत्मा माणसात घडवतो तो गुण आहे, असं ते म्हणाले. हे दोन्ही शब्द एकच का? आणि शोकपत्रात ‘तुमचे वडील फार सोशीक होते’ असं लिहिलं तर चालेल का?

एकच नाहीत. पत्रातल्या वाक्याकडे शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर ‘धीर’ नीट पाहिल्याशिवाय देता येत नाही.

नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, मुळात ग्रीक. त्यात या प्रांतातले मुख्य शब्द दोन. एक ‘हुपोमोने’: ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘मेनो’ म्हणजे राहणं, मुक्काम करणं. डोक्यावर भार आहे आणि माणूस त्याखालून पळून जात नाही, हा त्यातला अर्थ. दुसरा ‘माक्रोथुमिया’: ‘माक्रोस’ म्हणजे लांब आणि ‘थुमोस’ म्हणजे मनाची उसळी, राग. राग यायला वेळ लागणं. ढोबळमानाने पहिला शब्द परिस्थितीपुढचा, दुसरा माणसांपुढचा. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी आवृत्तीत पहिल्याला बहुधा ‘धीर’ आणि दुसऱ्याला बहुधा ‘सहनशीलता’ येतं. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा अशी साखळी आहे, तिथला धीर हा ‘हुपोमोने’. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ सांगताना जी सहनशीलता येते, ती ‘माक्रोथुमिया’. म्हणजे पाळकांनी शब्द सहज बदलला नव्हता, ते ज्या दोन वचनांवरून बोलत होते त्यांतले शब्दच वेगळे आहेत.

ही वाटणी अगदी काटेकोर नाही, हेही सांगायला हवं. याकोबाच्या पत्रात पावसाची वाट पाहणारा शेतकरी येतो, त्याच्यासाठी ग्रीकमध्ये ‘माक्रोथुमिया’च वापरला आहे, आणि पाऊस काही माणूस नव्हे. (तो पाऊस आपल्या मृगाचा नाही. तिकडे पहिला पाऊस शरदात, पेरणीच्या वेळी येतो आणि शेवटचा वसंतात, दाणा भरताना. मधली वाट महिनोन्‌महिन्यांची.) करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय लग्नात हमखास वाचला जातो, त्यात तर दोन्ही शब्द भेटतात. प्रीती सहनशील आहे, अशी सुरुवात होते आणि ती धीर धरते, असा शेवट. मध्ये ‘सर्व काही सहन करते’ येतं, तिथे ग्रीकमध्ये तिसराच शब्द आहे आणि त्याचं नातं ‘छप्पर’ या शब्दाशी आहे. वरून झाकून घेणं, पाऊस आत येऊ न देणं. मराठीत तो ‘सहन’मध्ये विरून गेला. मला याची चुटपुट वाटते, पण दुसरं काय घालणार?

आता मराठीकडे. ‘धीर’ आपण नुसता बाळगत नाही. तो धरतो, देतो, घेतो, एकवटतो. तो सुटतो, खचतो. ‘मला धीर निघत नाही’ म्हणजे थांबवत नाही, आणि ‘आत जायचा धीर झाला नाही’ म्हणजे धाडस झालं नाही. थांबणं आणि धाडस हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत. हिंदी प्रार्थनेतल्या ‘धीरज’मध्ये मुख्यतः थांबणं येतं, हिंमत वेगळी मागावी लागते. आपला ‘धीर’ दोन्ही कामं करतो आणि ‘हुपोमोने’लाही तेच हवं असतं. म्हणून मला वाटतं, मराठी भाषांतरकारांच्या हाती इथे मूळ शब्दाला फार जवळचा शब्द लागला.

‘सहनशीलता’ मात्र देता येत नाही. ‘त्यांनी मला सहनशीलता दिली’ असं कोणी म्हणत नाही. ती माणसाच्या स्वभावात असते, तिचा लोक अंत पाहतात, आणि लोकल बंद पडली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मुंबईकरांच्या सहनशीलतेचं कौतुक छापून येतं. धीर एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अंत्यविधीच्या प्रार्थनेत म्हणूनच तो शब्द येतो: देवाने द्यावा, शेजाऱ्याने हात धरून द्यावा, मंडळीने घरी येऊन द्यावा.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी निरंतर साहाय्य मातेच्या नोव्हेनाला उभं राहिलं तर हा शब्द अगदी जवळून दिसतो. नोव्हेना म्हणजे नऊ वेळांची प्रार्थना, ओळीने नऊ बुधवार यायचं. सगळ्या धर्मांची माणसं येतात. भाविकांची विनंतीची आणि आभाराची पत्रं तिथे वाचून दाखवतात: नोकरी, मूल, ऑपरेशन, जागेचा खटला. रांगेत ‘नऊ झाले, अजून काही नाही’ असं एक बाई म्हणते आणि दुसरी म्हणते, ‘धीर धर, परत सुरू कर.’ यात शरणागती कुठे आहे? ही बाई दहाव्या बुधवारी पुन्हा मागायला येणार आहे.

हा शब्द मिशनऱ्यांनी घडवलेला नाही, तो भक्तीच्या भाषेत तयार होता. ‘धीर तो कारण, साह्य होतो नारायण’ असं तुकोबा म्हणून गेले होते. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्या पुलावरून जे शब्द पलीकडे गेले, त्यांत ‘धीर’ निश्चित असणार. मराठी नवा करार अमेरिकन मिशनने मुंबईत १८२६ साली छापून काढला.

पण या शब्दाचं वजन कोणाच्या आयुष्यात पाहायचं तर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेईन. तरुणपणी दुष्काळी वणवणीत आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. १८८९ साली त्यांनी चौपाटीजवळ शारदा सदन काढलं. पुढे सदन पुण्याला आणि मग केडगावला गेलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं साध्या बायामाणसांना कळेल असं मराठी करायला घेतलं, आणि ते काम अखेरपर्यंत चाललं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, १९२२ साली त्या स्वतः. अशा बाईला कोणी ‘सोशीक’ म्हणून पाहावं. शब्द अंगाला लागतच नाही. त्या भांडल्या: सनातन्यांशी, सरकारशी, आणि इंग्लंडमध्ये आपल्याला आसरा दिलेल्या धर्मभगिनींशीही पत्रांतून.

आता ‘सोशीक’. सोसणं म्हणजे गिळणं. ऊन सोसतात, बोलणी सोसतात, सासुरवास सोसतात. विशेषण बहुतेक वेळा बाईला लागतं आणि ते लावणाऱ्याची त्यात सोय असते. सोशीक माणूस तक्रार करत नाही, हीच त्याची व्याख्या. आणि इथेच बायबलशी गाठ सुटते.

याकोब धीराचं उदाहरण म्हणून ईयोबाचं नाव घेतो. जुन्या करारात या ईयोबाच्या नावाचं एक पुस्तकच आहे. लोकांना ईयोब आठवतो तो पहिल्या दोन अध्यायांतला: गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, राखेत बसून खापराने अंग खाजवतो आहे आणि ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ म्हणतो आहे. पुस्तक मात्र बेचाळीस अध्यायांचं आहे. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. तिथून पुढे तो तक्रार करतो, वाद घालतो, देवालाच जाब विचारतो. सात दिवस गप्प बसून राहिलेले तीन मित्र तोंड उघडतात आणि ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ म्हणून त्याला गप्प करू पाहतात. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, आणि माझ्याविषयी ईयोब नीट बोलला, असं सांगतो. हा माणूस सोशीक नाही. त्याने धीर मात्र सोडला नाही, कारण सगळी तक्रार त्याने देवाच्या तोंडावर केली, पाठीमागे नाही. बायबलमधल्या स्तोत्रांतही हेच. तेरावं स्तोत्र देवाला चार वेळा ‘कुठवर?’ विचारतं. गुड फ्रायडेला बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या, म्हणजे क्रूसावरच्या, सात उद्गारांवर बोलतात, त्यांतला चौथा उद्गार ‘माझा त्याग का केलास?’ हा प्रश्नच आहे, तोही बाविसाव्या स्तोत्रातला.

म्हणून मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर, आपला वधस्तंभ उचल’ असं जेव्हा कोणी धर्माच्या नावाने सांगतो, तेव्हा तो ‘सोशीक’चा अर्थ ‘धीर’च्या खात्यावर घालत असतो. रोमी राजवटीत वधस्तंभ हे सरकारी फाशीचं साधन होतं. येशूच्या मागे जाण्याची किंमत म्हणून तो उचलायचा आहे, नवऱ्याच्या दारूची किंमत म्हणून नव्हे.

‘भोग’ हा शब्दही ख्रिस्ती मराठीने सहसा जवळ केला नाही. कारण उघड आहे. भोगात मागचा हिशेब येतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? उत्तर मिळतं, दोघांचंही नाही. त्याऐवजी मराठी ख्रिस्ती माणसाने ‘दुःखसहन’ असा जोडशब्द घेतला. ईस्टरच्या आधीचा तो दुःखसहन सप्ताह. कॅथलिक लोक त्याच दिवसांत क्रूसाची वाट करतात, म्हणजे येशूच्या वधस्तंभाकडच्या वाटेवरचे टप्पे आठवून प्रार्थना करतात. बोलीत ‘वधस्तंभ’ हा प्रॉटेस्टंटांचा आणि ‘क्रूस’ कॅथलिकांचा, असंही स्थूलमानाने म्हणता येईल. तसंच ‘विश्वास’ आणि ‘श्रद्धा’. भायखळ्याकडे तुम्ही ‘विश्वासणारे’ ऐकाल, वसईकडे ‘श्रद्धावंत’. ‘सबुरी’ शिर्डीच्या साईबाबांच्या नावाला इतकी चिकटली आहे की चर्चमध्ये ती आली तर लोक दचकतील, नाहीतर अरबी ‘सब्र’मधून आलेला हा शब्द अर्थाने काही वाईट नाही.

तर पत्र. ‘सोशीक’ काढा. ‘तुमच्या वडिलांनी एवढ्या दुखण्यात धीर सोडला नाही’ असं लिहा. शेवटी शेवटी ते चिडले असतील, देवाला बोलले असतील, तरी घरच्यांना हे वाक्य खोटं वाटणार नाही. खाली ‘प्रभू तुम्हाला धीर देवो’ पुरे, ‘सहनशक्ती देवो’ नको, ते रक्तदाबाच्या गोळीसारखं वाटतं. आणि नावाआधी सवयीने ‘कै.’ लिहू नका, तो कैलासवासी आहे. ख्रिस्ती घरांत ‘ख्रिस्तवासी’ लिहितात, नुसतं ‘दिवंगत’ही चालतं.