पार्कसाठी स्वस्तातला स्नोबोर्ड कोणता?

प्रश्न: डेन्व्हरला शिकतोय, भाड्याचा बोर्ड घेऊन ब्रेकनरिजच्या स्की रिसॉर्टला जातो. आता तिथल्या पार्कमधल्या बॉक्स, रेल (वरून घसरत जायच्या पेट्या आणि दांड्या) आणि छोट्या जंपचा नाद लागलाय. वजन ६८ किलो, बूट अमेरिकन ११ नंबर. बजेट बेताचं आहे, काय घेऊ?

उत्तर: आधी शेप बघा, ट्रू ट्विनच घ्या, म्हणजे दोन्ही टोकं सारखी, मागचं टोक पुढे करून लँड झालात तरी बोर्ड तसाच चालतो. फ्लेक्स (बोर्ड किती वाकतो ते) सॉफ्ट ते मीडियम, लांबी १५२ ते १५५ सेंमीच्या आसपास, आणि तुमच्या बुटाला वाइड (रुंद) मॉडेलच लागणार, नाहीतर वळताना बोटं बर्फात घासतात आणि आपटायला होतं.

बेस (बोर्डाचा बर्फावर घसरणारा खालचा थर) एक्स्ट्रुडेड, म्हणजे वितळवलेल्या प्लास्टिकचा असला तरी बिनधास्त घ्या, सिंटर्डपेक्षा (प्लास्टिकची पावडर दाबून केलेल्या बेसपेक्षा) थोडा स्लो असतो पण स्वस्त, आणि रेलवर ओरखडे पडले तर घरी पी-टेक्सने (बेस भरायच्या प्लास्टिकने) भरता येतात. मार्च-एप्रिलमधे दुकानं मागच्या सीझनचा माल काढतात, तेव्हा नवा बोर्डही बराच कमी भावात मिळतो, फक्त ग्राफिक जुनं, त्याने काय फरक पडतो? जुना घेत असाल तर धातूच्या कडांवर (एजवर) बोट फिरवून तडे तपासा, एज तुटलेली असेल तर कितीही स्वस्त असो, सोडा. आणि वाचलेले पैसे हेल्मेटला लावा, प्लीज.