वजन ५२ किलो आणि जिममध्ये जाण्याचा संकोच: सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय २० वर्षे, उंची ५ फूट ९ इंच आणि वजन ५२ किलो आहे. पुण्यात खोली घेऊन राहता, दोन्ही वेळा मेसमध्ये जेवता, मांसाहार करीत नाही पण अंडी चालतात. जिमची तीन महिन्यांची फी भरली आणि चौथ्या दिवसापासून जाणे थांबवले, कारण आत पाऊल टाकताच सगळे आपल्या दंडांकडे पाहत आहेत असे वाटते. अंग कसे भरेल आणि हा संकोच कसा जाईल, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. सांगलीत कॉलेजात असताना माझे वजन ५० किलो होते आणि उन्हाळ्यातसुद्धा मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत असे, त्यामुळे तुमची अवस्था मी जवळून ओळखतो. माझ्या अनुभवात या दोन्ही प्रश्नांची उकल एकाच वस्तूपासून सुरू झाली, आणि ती वस्तू म्हणजे साधी शंभर पानी वही.

वहीकडे येण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्या. तुमच्या उंचीला ५२ किलो वजन म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा आकडा) सुमारे १७ येतो, आणि १८.५ ही सर्वसाधारण खालची मर्यादा मानली जाते. लहानपणापासूनच अंगकाठी बारीक असेल तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु गेल्या काही महिन्यांत वजन आपोआप उतरले असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, किंवा छातीत धडधड आणि सतत तहान जाणवत असेल, तर जिमच्या आधी डॉक्टरांकडे जा. क्षय, थायरॉइड ग्रंथीचे जास्त काम करणे आणि आटोक्यात नसलेला मधुमेह या तिन्हींत माणूस वाळतो आणि ते वाळणे खुराकाने भरून निघत नाही.

१८.५ या मर्यादेपर्यंत पोहोचण्यासाठी तुम्हाला साधारण ५७ किलो व्हावे लागेल. हे दोन आकडे वाचताच मला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलोच्या गटात लढले आणि सहावे आले, तर १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्यांची तालमीतली साधना आणि आपला जिममधला तासभर यांची तुलना होऊ शकत नाही हे मला कळते. पण ५२ हा आकडा ऐकला की खाली मान घालण्याची तुमची जी सवय तुमच्या प्रश्नात दिसते, ती या एका गोष्टीने थोडी तरी सुटावी असे मला मनापासून वाटते.

आता माझा पहिला आठवडा सांगतो. शेजारच्या मुलाने बेंचप्रेससाठी, म्हणजे बाकावर उताणे झोपून रॉड छातीवरून वर ढकलण्यासाठी, रॉडला दोन्ही बाजूंनी दहा-दहा किलोच्या प्लेट लावल्या होत्या. तो उठला आणि त्या काढून ठेवण्याचा संकोच वाटल्यामुळे मी तशाच रॉडखाली आडवा झालो. पहिल्यांदा रॉड छातीपर्यंत आला आणि तेथेच राहिला. बरगड्यांवर लोखंड टेकलेले, हात थरथरत आहेत आणि हाक मारायला आवाज निघत नाही, अशा अवस्थेत मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एका चाळिशीच्या गृहस्थांनी तो दोन बोटांनी उचलावा इतक्या सहजपणे उचलून स्टँडवर ठेवला. ते म्हणाले, "उद्यापासनं महिनाभर नुसता रॉड. प्लेटकडं बघायचं बी नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातली मळकी डायरी काढून दाखवली, तारखेप्रमाणे प्रत्येक व्यायामाचे वजन आणि संख्या त्यात पेन्सिलीने लिहिलेली होती. त्याच संध्याकाळी मी वही घेतली.

वहीचा उपयोग असा की जिममध्ये शिरताना आज आपल्याला नेमके काय करायचे आहे हे ठरलेले असते. नवख्या माणसाला सर्वांत अवघड वाटणारी वेळ ही व्यायामाची नसते. दोन व्यायामांच्या मध्ये पुढे कोठे जावे हे न कळून उभे राहण्याची असते, आणि तेव्हाच सगळे आपल्याकडे पाहत आहेत असे वाटू लागते. हातात वही असेल तर ती वेळ येतच नाही. शिवाय आरशात फरक दिसण्याच्या कितीतरी आधी तो वहीत दिसू लागतो. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेमुळे वाढते: असलेल्या स्नायूंतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावणे शरीर शिकते, आणि स्नायूची जाडी मागाहून येते. बहुतेक बारीक मुले याच काळात आरशाकडे पाहून निराश होतात आणि सोडून देतात, म्हणून मी हे आवर्जून सांगत आहे.

व्यायामाचे म्हणाल तर आठवड्यातून तीन दिवस पुरेत: सोमवार, बुधवार, शुक्रवार. आपल्याकडे जिममध्ये पहिल्याच दिवसापासून एक दिवस छाती, एक दिवस पाठ, एक दिवस दंड अशी वाटणी करून देतात. नवख्या माणसाने प्रत्येक वेळी पूर्ण शरीराचा व्यायाम करावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यामुळे प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोन-तीनदा काम मिळते आणि एकच हालचाल वारंवार केल्याने ती लवकर बसते. एका दिवशी स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), बेंचप्रेस आणि रोइंग (पुढे वाकून वजन पोटाकडे ओढणे) करावे. पुढच्या वेळी हलक्या वजनाचे डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन पाठ सरळ ठेवून उचलणे), उभे राहून शोल्डर प्रेस (वजन खांद्यांपासून डोक्यावर ढकलणे) आणि लॅट पुलडाउन (यंत्राचा वरचा दांडा छातीकडे ओढणे) करावे. आणि असे आलटून पालटून चालू ठेवावे. प्रत्येक व्यायामाचे आठ-आठ वेळांचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. स्क्वॉटची सुरुवात छातीशी धरलेल्या एका डंबेलने करा, म्हणजे पाठ सरळ ठेवण्याची सवय आपोआप लागते. रॉडचे वजन जिमप्रमाणे निराळे असते. २० किलोचा मोठा रॉड जड वाटला तर लहान रॉड मागून घ्या. तिन्ही सेट आठ-आठ पूर्ण झाले की पुढच्या वेळी एकूण अडीच किलो वाढवा, आणि जोपर्यंत होत नाहीत तोपर्यंत तेच वजन ठेवा. जुन्या तालमींतही जोर आणि बैठकांची संख्या अशीच मोजून-मापून चढवली जाते. हे थोडे थोडे वाढवणे थांबले की अंगही तेथेच थांबते.

खरी कसोटी मात्र ताटात आहे, आणि येथे मला सविस्तर लिहिणे भाग आहे. "मी भरपूर खातो, पण अंगाला लागत नाही" असे तुम्ही लिहिले आहे. मीही हेच म्हणत असे, आणि घरच्यांनाही ते पटलेले होते. वहीच्या मागच्या पानांवर सात दिवस खाल्लेली प्रत्येक गोष्ट लिहिल्यावर मला दिसले की लग्नात किंवा सणाला मी पोटभर जेवत असे, पण एरवी सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि चार बिस्किटे, दुपारी तीन पोळ्या, आणि रात्री मित्रांबरोबर वडापाव खाल्ला असेल तर जेवणाला सुट्टी. सरासरी काढली तर मी खूपच कमी खात होतो. तुम्ही उद्यापासूनच सात दिवस असे लिहून पाहा.

त्यानंतर रोज तीनशे ते पाचशे उष्मांक वाढवायचे आणि प्रथिनांचा हिशेब बसवायचा. सामान्य प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्याने सुमारे १.६ ग्रॅम धरावीत, म्हणजे तुम्हाला दिवसाला साधारण ८३ ग्रॅम लागतील. मेसच्या दोन वेळच्या पोळ्या, आमटी आणि उसळीतून तीसएक ग्रॅम मिळतात असे धरू. चार अंड्यांतून २४, अर्धा लिटर दुधातून १६, रात्री भिजत घातलेल्या मूठभर म्हणजे ५० ग्रॅम हरभऱ्यांतून १०, आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम धरले की हिशेब पूर्ण होतो. यासाठी खोलीवर अंडी उकडायला एक विजेची किटली आणि हरभरे भिजवायला एक वाटी एवढेच लागते. हरभरे सकाळी कच्चेच चावून खाल्ल्याने पोट गुबारत असेल तर ते उकडून, मीठ-लिंबू लावून खा. ज्या दिवशी अंडी नको असतील त्या दिवशी सोयाबीनच्या वड्या वापरा. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत जवळजवळ २५ ग्रॅम प्रथिने असतात.

हे सगळे पहिल्याच दिवशी सुरू करू नका, कारण एवढी भर एकदम पडली तर पोट बिघडते आणि माणूस चार दिवसांत कंटाळतो. पहिले दोन आठवडे फक्त दूध आणि शेंगदाणे-गूळ वाढवा, त्यानंतर अंडी, मग हरभरे. बारीक माणसाची भूक लवकर भागते, म्हणून मोठ्या ताटापेक्षा जास्त वेळा खाणे सोपे जाते. दूध जेवणाआधी न पिता जेवणानंतर तासाभराने प्या, नाहीतर तेवढ्यानेच पोट भरून पोळी एकाने कमी होते. आमटीवर चमचाभर तूप किंवा पोळीबरोबर शेंगदाण्याची चटणी घेतल्यानेही पोट जड न होता उष्मांक वाढतात. दर रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर आणि काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. आठवड्याला पाव किलो वाढ उत्तम समजावी. दोन आठवडे काटा हलला नाही तर एक ग्लास दूध किंवा एक पोळी वाढवा. पोटाचा घेर भराभर वाढू लागला तर तेवढेच कमी करा.

पावडरविषयीही तुम्ही जाता जाता विचारले आहे. माझ्या पहिल्या जिममधल्या प्रशिक्षकाने मला "मास गेनर"चा, म्हणजे वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पावडरीचा, मोठा डबा घ्यायला लावला होता, आणि त्यासाठी मी मेसचे पैसे खर्च केले, ही माझी चूक होती. अशा डब्यांत बहुतांश भाग स्वस्त पिष्टमय पदार्थांचा आणि साखरेचा असतो. तेच उष्मांक केळी, दूध आणि गुळातून कमी पैशांत मिळतात. व्हे प्रोटीन हा दुधापासूनच केलेला पदार्थ आहे, सोय म्हणून चालतो, पण आवश्यक नाही. क्रिएटिन ही दुसरी एक पावडर रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने ताकदीला थोडी मदत होते हे खरे, तरी पहिल्या तीन महिन्यांत त्याचा विचारसुद्धा करू नका. आणि कोणी इंजेक्शन किंवा गोळ्यांचा "कोर्स" सुचवला, तर तो माणूस कितीही जवळचा असो, तेथून उठून जा. विशीत बाहेरून घेतलेल्या हार्मोनमुळे शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते, आणि हृदय व यकृतावर होणारा परिणाम आरशात दिसत नाही.

संकोचाविषयी आणखी थोडे. संध्याकाळी सहा ते आठ ही सर्वांत गर्दीची वेळ असते. तुमचे कॉलेज सकाळचे आहे, तर पहिला महिना दुपारी जा. तेव्हा यंत्रे मोकळी असतात आणि प्रशिक्षकालाही शिकवायला वेळ असतो. दुसरे, जिममधली तीन वाक्ये पाठ करून ठेवा: "दादा, अजून किती सेट आहेत?", "मध्ये एक सेट मारू का?" आणि "जरा सपोर्ट देता का?" ही वाक्ये तेथे दिवसभर सगळेच एकमेकांना म्हणत असतात, आणि ती म्हटली की तुम्ही त्यांच्यातले एक होता. मी बेंचप्रेसखाली अडकलो तो "सपोर्ट द्या" हे दोन शब्द न उच्चारल्यामुळेच. सेट झाला की प्लेट जागेवर ठेवा आणि बाक पुसा. ज्या मुलाचे हे वळण दिसते त्याला जुने लोक आपणहून शिकवतात, असा माझा अनेक ठिकाणचा अनुभव आहे.

पहिल्या दिवसानंतर दोन-तीन दिवस अंग ठणकेल, जिना उतरताना मांड्या बोलतील. हे स्वाभाविक आहे आणि दुसऱ्या आठवड्यापासून कमी होते. परंतु लघवीचा रंग काळपट चहासारखा झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण अतिश्रमाने स्नायू तुटून मूत्रपिंडांवर ताण आल्याचे ते लक्षण असू शकते. झोप सात-आठ तासांच्या खाली जाऊ देऊ नका. मला ५० किलोंवरून ६१ किलोंवर यायला चौदा महिने लागले, आणि त्यांतले परीक्षेचे दोन महिने वजन जागचे हलले नाही, ते जागरणांमुळेच.

तुमच्या फीचे दोन महिने शिल्लक आहेत, म्हणजे आठवड्याला तीन दिवस धरले तर पंचवीसएक वेळा जाता येईल. येत्या सोमवारी दुपारी जाण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तारीख आणि वजन लिहा, आणि त्याखाली इतकेच: स्क्वॉट, ५ किलोचे डंबेल, ८-८-८, बेंचप्रेस, नुसता रॉड, ८-८-८, रोइंग, ५ किलोचे डंबेल, ८-८-८. जे होईल त्यापुढे बरोबरची खूण करा, जे राहील तेथे झालेली खरी संख्या लिहा, आणि पाऊण तासात बाहेर पडून खोलीवर जाऊन दूध प्या. बुधवारी निघण्यापूर्वी त्याच्या पुढचे पान लिहायचे आहे.